एक जूनला जन्मलेली माणसं

एकतीस वर्षं मी धाराशिवच्या एका कॉलेजात अकाउंट्स शिकवलं. आकडे खोटं बोलत नाहीत, हे वाक्य दरवर्षी पहिल्याच तासाला पोरांना ऐकवायचे. पोरं मान डोलवायची, मलाही बरं वाटायचं. आता हेच वाक्य कुणी माझ्यापुढं म्हटलं, तर मी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवीन.

रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. एका सकाळी साखर कारखान्याच्या युनियनचे सेक्रेटरी घरी आले. एके काळचे बॉयलरवरचे कामगार, अंगानं काटकुळे, डोक्यावर टोपी, आणि खताच्या रिकाम्या पिशवीत चार रजिस्टरं. चहा पुढं ठेवला तर म्हणाले, "चहा मागनं घेतो म्याडम. आधी आमच्या फंडाची तब्येत बघा. किती साल जगंल तेवढं कागदावर लिवून द्या."

कारखाना कुठला ते लिहीत नाही. नाव लिहून आता कुणाचं भलं व्हायचं नाही. युनियननं फार वर्षांपूर्वी भांडून स्वतःचा एक पेन्शन फंड उभा केला होता. सरकारी पेन्शन निराळी, आणि तिच्यावर कुणाचं घर चालत नाही, म्हणून हा दुसरा. पगारातून थोडे कामगाराचे, तेवढेच कारखान्याचे. अठ्ठावन्न वर्षं पुरी झाली की माणसाला मरेपर्यंत महिन्याला तेराशे रुपये. माणूस गेला की पेन्शन बंद, बायकोला काही नाही. हे कलमही कामगारांनीच मागून घेतलेलं. बायकोला अर्धी ठेवायची तर नवऱ्याची हजारावर येणार होती. तेव्हा भर सभेत सगळ्यांनी सांगितलं होतं, की बाईमाणूस काय, पोरांपाशी राहील, आमचे तेराशेच राहू द्या.

पुढं कारखाना बुडाला आणि एका बाहेरच्या माणसानं तो भाड्यानं चालवायला घेतला. त्यानं माणसं ठेकेदाराकडून आणली. ती युनियनमध्ये आली नाहीत आणि फंडातही आली नाहीत. म्हणजे पैसा यायचा थांबला आणि जायचा चालूच राहिला. विश्वस्तांपुढं दोनच वाटा होत्या. दर महिन्याची पेन्शन चालू ठेवायची, नाहीतर फंड मोडून सगळ्यांत वाटून टाकायचा. वाटला असता तर माणशी दोन दुभत्या म्हशींची किंमत हातात पडली असती. सर्वसाधारण सभेत मतं घ्यायची होती आणि त्याआधी माझा अहवाल हवा होता.

मी लगेच हो म्हटलं, त्यात फार मोठेपणा नव्हता. सव्वादोनशे नावांच्या त्या यादीत माझा सख्खा थोरला भाऊ होता.

आठवडाभर मी जेवणाच्या टेबलावर रजिस्टरं पसरून बसले. वयं घेतली, विम्याचा तक्ता काढला, या वयाचा माणूस सरासरी अजून किती वर्षं जगतो ते मांडलं, व्याज धरलं. उत्तर आलं अकरा वर्षं. माणसं त्याच्यापुढं सात-आठ वर्षं जगणार आणि फंड अकराव्या वर्षी संपणार. बुडत्याचा पाय खोलात, म्हणजे सरळ वाटप करा असं सांगायचं. हिशेब पुरा झाला म्हणून मी पेन बंद केलं.

मग सहज म्हणून जन्मतारखांवरून डोळे फिरवले. एक जून. एक जून. एक जून. पानभर एक जून. आमच्याकडं हे कुणाला नवीन नाही. शाळा जूनमध्ये उघडायची, आई सांगायची "आवसंच्या आदल्या दिशी झालं बगा," आणि गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझीही जन्मतारीख एक जूनच आहे. तारखेचं काही वाटलं नाही. पण सालं बघितली तर सगळी तीन-चार वर्षांत कोंबलेली. जणू सगळ्या शिवारात त्या तीन-चार वर्षांतच बायका बाळंत झाल्या होत्या. म्हणून मी फायली उघडल्या. आत भरतीच्या वेळची प्रतिज्ञापत्रं होती, आणि चाळिसावर प्रतिज्ञापत्रांत अक्षर माझं होतं.

बेंबळीच्या पुढं आमचं गाव. कारखान्यात भरती निघाली तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सुट्टीला घरी आले होते. गावात कॉलेजात जाणारी मी एकटी. ज्यांच्याजवळ शाळेचा दाखला नव्हता त्यांना वयाचं प्रतिज्ञापत्र लागत होतं. तीन दिवस चावडीत सतरंजीवर बसून मी ती लिहिली. माणसं रांगेनं यायची. भरतीला वयाची अट पंचविशीच्या आतली, पण पंचवीसवर कुणाचं समाधान नव्हतं. "अठराच लाव की बाई, चाळीस साल नोकरी व्हती." तिशीचा बाप्या समोर बसलाय, मिशीत एखादा पांढरा केस, आणि मी लिहितेय, वय वर्षे एकोणीस. मला फार मजा वाटत होती. कुणी शेंगा दिल्या, कुणी खवा दिला. खोटं लिहितोय असं एकदाही मनात आलं नाही. गरिबाला सरकारदरबारी थोडं तरुण करून दिलं, यात कुणाचं काय गेलं, असंच वाटलं.

आण्णाचं, म्हणजे माझ्या भावाचं, मी नऊ वर्षं कमी केलं. त्यामुळं कागदावर तो माझ्याहून एका वर्षानं धाकटा झाला. पुढं दर भाऊबिजेला ओवाळून झालं की तो माझ्या पाया पडायला वाकायचा. "कागदाला मान द्यावा लागतो बाई. तू थोरली," म्हणायचा आणि वहिनी हसून हसून बेजार व्हायच्या.

त्याच कागदानं त्याला खऱ्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत कामावर ठेवलं. ऊस पिळून उरलेला भुसा, बगॅस म्हणतात त्याला, तो पट्ट्यावरून बॉयलरकडं जातो. त्या पट्ट्यापाशी त्याची ड्युटी. तिथं चाळीस वर्षं जे नाकातोंडात गेलं ते आता छातीतून आवाज करत होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून मला बाजूला बोलावलं होतं आणि जे सांगायचं ते सांगितलं होतं. आण्णाला मी धूळ साठलीय एवढंच सांगितलं.

खरी वयं कळल्याशिवाय अहवाल लिहिण्यात अर्थ नव्हता. मी युनियनच्या खोलीवर गेले. कारखान्याच्या फाटकाबाहेर पत्र्याची एक खोली आहे, पुढं लिंबाचं झाड, खाली दोन बाकडी. सेक्रेटऱ्यांनी निरोप धाडले होते, त्यामुळं रोज पाच-पंचवीस जण यायचे. काही तर भूमकडून एस.टी. बदलून आले. वय विचारलं की सगळे कागदावरचंच सांगायचे. इतकी वर्षं तेच घोकलेलं. मग मी दुसरा प्रश्न काढला. बाहत्तरच्या दुष्काळात कामावर काय करत होता?

वयं चोरणारी माणसं दुष्काळ चोरत नाहीत. कुणी म्हणाला खडी फोडली, म्हणजे तेव्हाच पंधरा-सोळाचा. कुणी पाट्या वाहिल्या, म्हणजे दहा-बाराचा. कुणी आईमागं फिरत वाटीतली सुकडी, दुष्काळी कामावर पोरांना मिळायची ती, खात होता, म्हणजे खरोखरच आठ-नऊचा. मी वहीत तीनच रकाने पाडले. खडी, पाटी, सुकडी. कागदावर ही सगळी माणसं त्या साली आठ-नऊ वर्षांची होती. माझ्या वहीत निम्म्याहून जास्त खडीत गेली.

"तुमी तर आठ सालाचे हुता की ओ कागदावर," सेक्रेटरी एकाला चिडवत होते. "आन खडी फुडत हुता?"

"अंगानं थोराड हुतो," तो म्हणाला, आणि बाकडी हलेपर्यंत सगळे हसले. मीही हसले. जाताना एकानं तेवढं बजावलं, "नावं लिवू नगा बाई. खोटं वय म्हणून पगाराची वसुली काढतील." नावं लिहिणार नाही असं मी कबूल केलं.

त्या हसण्याची मला घरी येऊन लाज वाटली. खरी वयं घालून मी तक्ता पुन्हा मांडायला घेतला. विम्याचा तक्ताही बाजूला ठेवला. तो पंख्याखाली बसून म्हातारे होणाऱ्यांचा. रसाला देतात त्या गंधकाच्या धुरात आणि बगॅसमध्ये उभं राहिलेल्यांना तो लागू नव्हता. आजवर कोण कोण गेलं आणि खरं कितव्या वर्षी गेलं ते सेक्रेटऱ्यांकडून विचारून घेतलं आणि त्यावरून अंदाज बांधला. एकेका माणसाचं वय सहा, आठ, दहा वर्षांनी वाढवत गेले, आणि खालची बेरीज सुधारत गेली. दर दहा-पंधरा जणांची वर्षं खोडली की फंडाला चार महिन्यांचं, सहा महिन्यांचं आयुष्य मिळत होतं. शेवटी उत्तर आलं, की फंड पुरतो. शेवटच्या माणसापर्यंत पुरतो, वर थोडा उरतोसुद्धा. फंडाची तब्येत ठणठणीत होती, कारण माणसांची नव्हती.

आण्णाच्या ओळीवर मी किती वेळ थांबले ते आठवत नाही. बाकीच्यांसाठी जो नियम तोच त्याला लावला. उत्तर चार वर्षं आलं, आणि डॉक्टरांचं ऐकलं असतं तर चारही जास्तच होती. मला राग आला होता. आधी स्वतःचा, आणि नंतर मात्र त्याचाही, की चावडीत बसून अठराच लाव म्हणताना याला दुसरं काही सुचलं नाही का म्हणून.

त्याच्या घरापुरता हिशेब अगदी सरळ होता. वाटप झालं तर दोन म्हशींचे पैसे आताच हातात येणार, आणि तो गेल्यावर वहिनींच्या नावावर काहीतरी राहणार. पेन्शन चालू राहिली तर तो असेपर्यंत तेराशे, आणि पुढं काही नाही. वहिनींना एकच मुलगा, तो पुण्याला एका गोदामात, त्याचंच त्याला पुरत नाही. आण्णानं वाटपाला हात वर करायला हवा होता. माझा अहवाल काहीही सांगो, त्यानं तरी वाटपालाच.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी मी गावी गेले. वहिनी शेजारी लग्नघरी हळद फोडायला गेल्या होत्या. आण्णा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. आता तो आडवा झोपू शकत नव्हता. मी फंड, वाटप, पेन्शन सगळं समजावून सांगितलं. माझं बोलणं संपल्यावर म्हणाला, "सगळ्यांचं काढलंस म्हणं किती साल जगत्याल ते. सेक्रेटरी सांगत हुते."

"अंदाज असतो तो, आण्णा. एकेकाचा नसतो, सगळ्यांचा मिळून असतो."

"व्हय, पर माझी वळ असंल की त्येच्यात. मला किती धरलंस?"

आयुष्यभर परीक्षेत नापास झालेल्या पोरांना समोर बसवून सांगितलंय की बाळ, तुझे इतके कमी पडले. कधी जीभ अडखळली नाही. त्या दिवशी चार हा एवढासा आकडा तोंडातून निघेना. त्याचे ओठ निळसर दिसत होते आणि तो माझ्याकडं अगदी विश्वासानं बघत होता.

"पंधरा," मी म्हटलं.

"पंधरा?" त्याचा चेहरा उजळला. "लई झाले की. नातीचं लगीन बघून जाईन म्हन." आणि मला चहा करून पाजायला स्वतः उठला. मी नको नको म्हणत असताना चुलीपाशी जाऊन खोकत खोकत त्यानं चहा केला. तो चहा मी प्याले. खरं सांगायला तेव्हाही अर्धा तास होता माझ्याजवळ.

सभा सकाळी दहाला, फाटकाबाहेरच्या मांडवात. मी अहवाल वाचला. नावं नव्हती, पण काही झाकलंही नव्हतं. फंड पुरेल असं सांगितलं. का पुरेल तेही सांगितलं, की आपल्यातले निम्मे लोक पुढच्या सात वर्षांत राहणार नाहीत असं धरलं आहे म्हणून. ज्यांचं वय झालंय, ज्यांना दुखणं आहे, त्यांच्या घरच्यांना वाटपच फायद्याचं आहे, हेही मी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना आण्णाकडं बघून म्हटलं.

पुरेल म्हणताच टाळ्या पडल्या. त्यापुढचं कुणी ऐकलं असेल तर शेजाऱ्यासाठी ऐकलं. मी वरून बघत होते. निम्मे म्हटल्यावर माणसं हळूच आजूबाजूला नजर टाकत होती, हा जाईल, तो जाईल. स्वतःकडं कुणीच बघत नव्हतं. मतं घेतली तेव्हा वाटपाला अकरा हात वर आले. ते अकराही सुकडीतले, त्यातल्या त्यात तरुण. कुणाला दुकान टाकायचं होतं, कुणाला टमटम घ्यायचा होता. ज्यांनी थांबायला हवं ते वाटप मागत होते आणि ज्यांनी वाटप मागायला हवं ते थांबत होते. पेन्शन चालू ठेवायला उरलेल्या सगळ्यांनी हात वर केले. आण्णाचा दुसऱ्या रांगेत होता. खोकला आला म्हणून त्यानं तो खाली घेतला, आणि खोकला थांबल्यावर मोजणीत सुटू नये म्हणून पुन्हा वर केला.

तो पाच महिन्यांनी गेला. शेवटचे अकरा दिवस सोलापूरच्या दवाखान्यात काढले. त्यात एकदाही तो पंधराचं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, निदान मला त्याच्यापुढं रडता आलं असतं.

वर्ष सरल्यावर सेक्रेटरी पुन्हा रजिस्टरं घेऊन आले. मधल्या काळात गेलेल्यांची नावं त्यांनी कमी केली होती. मी हिशेब केला आणि लिहिलं, की फंडाची स्थिती गेल्या वर्षीच्या अंदाजापेक्षा बरी आहे. खाली सही केली. सेक्रेटरी म्हणाले, "चला, चांगलं झालं," आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी आठवलं असावं, कारण ते खाली बघत पिशवीची दोरी बांधत राहिले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी वहिनी आल्या. एकट्याच, सकाळच्या एस.टी.नं. बँकेत पासबुक दाखवलं होतं आणि ह्या खात्यावर आता काही यायचं नाही असं त्यांना सांगितलं होतं. पुण्याच्या मुलानं येऊन राहा म्हटलंय, पण तिथं एकच खोली आहे, म्हणून त्या गावातच मजुरीला जात होत्या. हे सगळं तक्रारीच्या सुरात नव्हतं. मी त्यांना जेवायला वाढलं. थोडे पैसे द्यायला गेले तर त्यांनी ते घेतले नाहीत. जेवण झाल्यावर पदराला हात पुसत म्हणाल्या, "वन्सं, एक इच्यारू का? सभंच्या आदल्या दिशी तुमी घरी आला हुतात. म्या हळद फुडून आले तर हे लई खूश. पंधरा साल निघाल्यात म्हनले. समद्या गल्लीत सांगत फिरले. खरंच निघाली हुती का पंधरा?"

या वेळी मी खोटं बोलले नाही. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "नाही वहिनी. चार निघाली होती."

त्यांनी आपलं ताट उचलून मोरीत ठेवलं. मला वाटलं आता त्या ओरडतील, आणि ओरडाव्यात असंच मला वाटत होतं. मी म्हटलं, "त्याच्या तोंडाकडं बघून माझ्यानं सांगवलं नाही."

"त्यास्नी नगं सांगायचं," त्या म्हणाल्या. "ते मरायलेच हुते. मला सांगायचं की. मागं मी राहणार हुते."